‘तुम्हाला दोनपैकी एका हातात टाकण्यात येईल’: ट्रायलचा कागद कसा वाचायचा

‘तुम्हाला दोनपैकी कोणत्याही एका हातात यादृच्छिक पद्धतीने टाकण्यात येईल. हा अभ्यास दुहेरी अंध आहे.’

एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीच्या बैठकीत हे वाक्य पहिल्यांदा माझ्यासमोर आलं, तेव्हा मला वाटलं छपाईत काहीतरी घोळ झालाय. शेजारी बसलेल्या फार्माकॉलॉजीच्या मॅडमना विचारलं. त्या हसल्या. ट्रायलमधल्या, म्हणजे पेशंटवर उपचारांची तुलना करून बघणाऱ्या अभ्यासातल्या, गटाला इंग्रजीत ‘आर्म’ म्हणतात. भाषांतर करणाऱ्याने शब्दकोश उघडला, आर्म म्हणजे हात, लिहून मोकळा झाला. ‘ब्लाइंड’ म्हणजे अंध; खरं तर कोणाला कोणता उपचार चाललाय हे पेशंटलाही माहीत नसतं आणि डॉक्टरलाही, एवढाच ‘दुहेरी अंध’चा अर्थ. ‘सब्जेक्ट’ म्हणजे विषय. त्यामुळे त्या आठ पानांत पेशंट कुठेच नव्हता, सगळीकडे ‘विषय’ होता, आणि एके ठिकाणी ‘विषयाचा मृत्यू झाल्यास विषयाच्या नातेवाइकांना’ असंही होतं. मी निवृत्त होईपर्यंत शाळेत मराठी शिकवलं. नातेवाईक असलेला विषय काही माझ्या पाहण्यात आला नव्हता.

गंमत पुढेच आहे. भाषांतर नीट झालंय की नाही हे तपासायला मराठी मजकूर पुन्हा इंग्रजीत करून मूळ मजकुराशी ताडून बघतात. ‘हात’ परत इंग्रजीत नेला की बरोब्बर ‘आर्म’ होतो. म्हणजे तपासणीत शंभरपैकी शंभर, आणि वाचणाऱ्याच्या हाती शून्य.

मी त्या कमिटीवर आहे कारण कायद्याला एक सामान्य माणूस लागतो. २०१९ च्या नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियमांप्रमाणे एथिक्स कमिटीत किमान सात जण असावे लागतात. त्यात एक तरी वैद्यकाबाहेरची साधी व्यक्ती, एक तरी स्त्री, एक कायद्याचा जाणकार. निम्मे सदस्य त्या संस्थेच्या बाहेरचे, अध्यक्षही बाहेरचाच. कमिटीने हो म्हटल्याशिवाय एकाही पेशंटला ट्रायलमध्ये घेता येत नाही. माझं काम एवढंच, की पेशंटच्या हातात जाणारा कागद पेशंटसारखा वाचायचा. हा लेखही त्याच कामाचा भाग समजा. कारण आज ना उद्या तुमच्या किंवा तुमच्या घरच्या कोणाच्या केसपेपरला असा कागद जोडला जाईल. मोठ्या हॉस्पिटलांत आता हाडांपासून हृदयापर्यंत आणि बाळंतपणापासून भूलशास्त्रापर्यंत सगळीकडे ट्रायल चालू असतात. कोऑर्डिनेटर नावाची एक तरुण मुलगी किंवा मुलगा फाइल घेऊन येतो आणि म्हणतो, ‘काका, एक अभ्यास चालू आहे, दोन मिनिटं आहेत का?’

काका लगेच दोनपैकी एक गोष्ट धरून बसतात. एक, हे आपल्यावर प्रयोग करणार. दोन, काहीतरी नवीन, भारी औषध फुकटात मिळतंय. माझ्या मते दोन्ही समज सारखेच चुकीचे आहेत, आणि दुसरा जास्त धोक्याचा, कारण पहिल्या समजाचा माणूस निदान प्रश्न तरी विचारतो.

ट्रायल म्हणजे डॉक्टरांना न सुटलेला एक प्रश्न असतो. उपचार अ चांगला की उपचार ब? हे औषध आणखी घातलं तर फरक पडतो का? उत्तर आधीच माहीत असेल तर ट्रायल करणंच अनैतिक, कारण मग अर्ध्या लोकांना तुम्ही जाणूनबुजून कमी प्रतीचं देताय. म्हणून माहितीपत्रक हातात आलं की आधी त्यातला प्रश्न शोधायचा. आठ पानांत तो एका वाक्यात सापडला नाही, तर दोष तुमचा नाही, कागदाचा आहे. कोऑर्डिनेटरला सांगा, ‘बाळ, तुम्हाला यातून काय शोधायचंय ते एका वाक्यात सांग.’

आता चिठ्ठ्यांची गोष्ट. लोकांना सगळ्यात जास्त खटकते ती हीच. कोणाला कोणता उपचार हे डॉक्टर ठरवत नाहीत. कॉम्प्युटर ठरवतो किंवा आधी सीलबंद केलेलं पाकीट. ‘एवढे शिकलेले डॉक्टर, आणि माझा उपचार नाणं उडवून?’ राग समजण्यासारखा आहे. पण डॉक्टरने निवडलं तर काय होतं ते बघा. माणूस असल्यामुळे तो नकळत धडधाकट पेशंटला नवीन औषध देतो आणि नाजूक पेशंटला जुन्यावर ठेवतो, किंवा नेमकं उलटं. मग शेवटी जे बरे झाले ते औषधाने की मुळातच दणकट होते म्हणून, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. चिठ्ठीला कोणाबद्दल माया नसते, म्हणून दोन्ही गट सारखे होतात.

ब्रिटनमध्ये क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ट्रायल याच पद्धतीने झाली. १९४८ साली तिचा अहवाल छापून आला. औषध इतकं कमी होतं की सगळ्यांना देणं शक्यच नव्हतं, त्यामुळे चिठ्ठी टाकायला कोणाचं मन खात नव्हतं. एकूण १०७ पेशंट. औषध मिळालेल्या ५५ पैकी सहा महिन्यांत ४ दगावले, नुसती विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४. एवढ्या लहान आकड्यांतही उत्तर ढळढळीत दिसलं. मात्र औषध न मिळालेल्या लोकांना आपण एका अभ्यासात आहोत हे शेवटपर्यंत सांगितलेलं नव्हतं. आज हे असं केलं तर परवानगी सोडाच, खटला होईल.

आपल्याकडची जवळची आठवण हवी असेल तर प्लाझ्माची घ्या, म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातून काढलेल्या द्रवाची. एप्रिल २०२१ मध्ये कोणता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ‘बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा अर्जंट हवा’ या निरोपाशिवाय होता? लोक रात्री दोन वाजता रक्तपेढ्यांच्या दारात उभे होते. आणि तोवर उत्तर छापून येऊन सहा महिने झाले होते! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२० मध्ये देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ कोविड पेशंटवर ट्रायल केली. निम्म्यांना नेहमीच्या उपचारासोबत प्लाझ्मा, निम्म्यांना नुसते नेहमीचे उपचार. आजार गंभीर झाला किंवा मृत्यू आला असे प्लाझ्मा गटात १९ टक्के, दुसऱ्या गटात १८ टक्के. फायदा शून्य. प्लाझ्मा उपचारांच्या यादीतून निघाला तो मे २०२१ मध्ये. तोपर्यंत ‘आमच्या साडूंना प्लाझ्मा दिला आणि दुसऱ्या दिवशी ऑक्सिजन सुधारला’ हीच गोष्ट चालली. साडू कदाचित प्लाझ्माशिवायही सुधारले असते, हे कळायला त्यांच्यासारखेच, प्लाझ्मा न मिळालेले दुसरे साडू लागतात. ट्रायल म्हणजे त्या दुसऱ्या साडूंची सोय.

शस्त्रक्रियेच्या ट्रायल आणखी अवघड असतात, आणि मला त्याच जास्त आवडतात. गोळीचं सोपं आहे, दोन सारख्या दिसणाऱ्या गोळ्या केल्या की झालं. टाके कुठे लपवणार? शिवाय सर्जन मंडळींना आपल्या हातावर इतका विश्वास असतो की ‘मला माहीत नाही’ हे त्यांच्या तोंडून वदवणं हेच अर्धं काम. तंबाखूमुळे आपल्याकडे ज्याचा सुकाळ आहे त्या तोंडाच्या कॅन्सरचंच घ्या. गाठ लहान आहे, मानेत काही हाताला लागत नाही. मग तोंडाच्या ऑपरेशनच्या वेळीच मानेतल्या गाठी, म्हणजे कॅन्सर जिथे पसरू शकतो त्या लसिकाग्रंथी, काढून टाकायच्या की थांबायचं, नजर ठेवायची आणि मानेत काही आलं तरच काढायच्या? काढल्या तर ऑपरेशन लांबतं, नंतर खांदा उचलायला त्रास होऊ शकतो. थांबलं तर आजार पसरण्याची भीती. जगभरचे सर्जन यावर वर्षानुवर्षं वाद घालत होते आणि प्रत्येक जण आपापल्या गुरूप्रमाणे वागत होता.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात हा प्रश्न चिठ्ठ्यांवर सोडला. पहिल्या ५०० पेशंटचा हिशेब २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. गाठी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणजे साधारण आठ जणांची मान आधीच साफ केली तर एकाचा जीव वाचतो. त्यानंतर वाद बराचसा मिटला. आज धाराशिवच्या किंवा जळगावच्या एखाद्या माणसाला सर्जन सांगतो, ‘गाठींचंही आत्ताच करून घेऊ,’ तेव्हा त्याच्या पाठीशी ते ५०० लोक असतात. त्यातले बरेचसे आपल्यासारखेच पिशवीत रिपोर्ट घेऊन परळच्या फुटपाथवर थांबलेले.

त्याच टाटाची दुसरी एक ट्रायल सांगायचा मोह आवरत नाही, कारण तिच्यात पैशाची गोष्ट दडलेली आहे. लिग्नोकेन हे दात काढताना हिरडीत टोचतात ते बधिर करणारं औषध. अगदी स्वस्त. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये गाठ कापण्याआधी काही मिनिटं गाठीभोवती ते टोचलं तर कॅन्सर परतण्याचं प्रमाण कमी होतं का, हा प्रश्न डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी घेतला. देशातली ११ केंद्रं, १,६०० स्त्रिया, आणि त्या गोळा व्हायला दहा वर्षं लागली. पाच वर्षांनी लिग्नोकेन टोचलेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात, न टोचलेल्यांपैकी ८६.४ टक्के. कोणती औषध कंपनी यावर पैसा लावेल? लिग्नोकेन विकून कोणाचा बंगला होत नाही. म्हणून ‘ट्रायल म्हणजे कंपन्यांचा डाव’ असं सरसकट म्हणणाऱ्यांना मी ही ट्रायल सांगते. कंपन्यांच्या ट्रायल असतात, भरपूर असतात, त्यात डॉक्टरला आणि संस्थेला दर पेशंटमागे पैसेही मिळतात, आणि तो करार आमच्या कमिटीपुढे ठेवावा लागतो. पण कित्येक ट्रायल एमडी, एमएस करणाऱ्या पोरांच्या प्रबंधाच्या असतात. सिझेरियनला कमरेतून भूल देताना अमुक औषध मिसळलं तर दुखणं किती तास दाबलं जातं, असे छोटे प्रश्न. म्हणून ‘यासाठी पैसा कोण देतंय?’ हे बिनधास्त विचारायचं. उत्तर कागदावर असलंच पाहिजे.

परदेशातली एक ट्रायल मात्र ऐकून दचकायला होतं. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून ‘साफ’ करण्याच्या ऑपरेशनची परीक्षा झाली, निकाल २००२ मध्ये आला. १८० पेशंट. त्यातल्या एका गटाला नुसते वरवरचे छेद दिले आणि टाके घातले, आत काहीच केलं नाही. दोन वर्षांनी खऱ्या आणि खोट्या ऑपरेशनच्या गटांत दुखण्यात काही फरक नव्हता. हे फसवून केलेलं नव्हतं. भाग घेणाऱ्या प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं की मला नुसतं नाटकी ऑपरेशन मिळू शकतं आणि त्याने माझा गुडघा सुधारणार नाही. विचारलं होतं ३२४ जणांना, १४४ जणांनी सरळ नाही म्हटलं. मला तो १४४ चा आकडा फार आश्वासक वाटतो. इतके लोक नाही म्हणू शकले, म्हणजे हो म्हणणाऱ्यांनाही नीट समजावलेलं असणार.

टप्प्यांबद्दल थोडक्यात. पहिल्या टप्प्यात मोजक्या, बहुधा निरोगी माणसांवर औषध सोसतं का ते बघतात. दुसऱ्यात शे-दोनशे पेशंटवर गुण येतो का, डोस किती. तिसऱ्यात शेकडो-हजारो पेशंटवर जुन्या उपचाराशी तुलना. चौथा औषध बाजारात आल्यावर. वॉर्डात तुम्हाला विचारतात ते बहुतेक तिसऱ्या किंवा चौथ्या टप्प्यासाठी. पहिल्या-दुसऱ्याचं असेल तर जास्त वेळ घ्या, चार लोकांना विचारा.

आणि विचारलं म्हणजे घेतलंच असं नाही. वय अमुक ते तमुक, क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीचा आकडा) एवढ्याच्या आत, गरोदर नको, अमुक गोळी चालू नको, अशी लांबलचक यादी असते. सही केल्यावर तपासण्या होतात आणि कोऑर्डिनेटर म्हणते, ‘सॉरी काका, तुम्ही बसत नाही.’ काही लोकांना याचं वाईट वाटतं, जणू नोकरीचा इंटरव्ह्यू हुकला. त्याचा एवढाच अर्थ, की तुमच्यावर नेहमीचे उपचार होणार.

आता कागदाकडे. त्याचे दोन भाग असतात, माहितीपत्रक आणि संमतीपत्र. संमतीपत्रात तुमचं शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न विचारलेलं असतं आणि खाली नॉमिनीचं नाव, पत्ता, नातं. इथे माणसं हादरतात. आमच्या कमिटीच्या एका भेटीत एका गृहस्थांनी पेन खाली ठेवलं होतं, ‘म्हणजे आम्ही जाणार हे धरूनच चाललात की काय?’ तो रकाना खरं तर पेशंटच्या बाजूने घातलेला आहे. ट्रायलमुळे मृत्यू आलाच तर भरपाई कोणाला द्यायची, हे आधी लिहिलेलं असावं म्हणून. बँकेच्या पासबुकावर असतं तसंच.

हे नियम कोणाच्या सदिच्छेने आले नाहीत. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशात आणि गुजरातमध्ये शाळकरी मुलींना एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूवरची, लस देण्याचा एक प्रकल्प झाला. आंध्रात कित्येक मुलींच्या संमतीवर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. लस वाईट नव्हती, आज ती आपण घरच्या मुलींना देतोच, पण संमती अशी घेतली हे वाईट होतं. प्रकल्प थांबवावा लागला, संसदीय समितीने ताशेरे ओढले. स्वास्थ्य अधिकार मंच ही संस्था ट्रायलमधल्या गैरप्रकारांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २०१३ पासून नियम आवळत गेले.

आज परिस्थिती अशी आहे: तुम्हाला वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार संपूर्ण वेळ हजर हवा, त्याचीही सही हवी. दुर्बल स्थितीतल्या माणसाला अगदी नवीन औषधाच्या ट्रायलमध्ये घेताना समजावण्याचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं. सही केलेल्या कागदाची एक प्रत तुमची, ती मागून घ्या. त्यावर डॉक्टरचा आणि एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो. आमच्या कमिटीला पेशंटचे फोन क्वचितच येतात, आणि याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा मी तरी काढत नाही. प्रत घरी न नेणारेच जास्त.

फुकट काय आणि विकत काय हे नीट विचारा. ट्रायलचं औषध आणि ट्रायलसाठीच्या जादा तपासण्या तुमच्या खिशातून जाऊ नयेत. पण जो उपचार तुम्हाला तसाही घ्यावाच लागला असता, त्याचं बिल तुमच्याकडे येऊ शकतं. फॉलोअपला येण्या-जाण्याचं भाडं मिळतं का? नंदुरबारहून यायचं असेल तर हा प्रश्न लहान नाही. आणि किती खेपा? दहा खेपा म्हणजे शेतमजुराचे दहा खाडे, बरोबर येणाऱ्याचे आणखी दहा. कागदावर ‘दहा भेटी’ असं दोन शब्दांत मावतं.

इजा झाली तर? कोणतीही गंभीर घटना घडली की डॉक्टरने ती २४ तासांच्या आत औषध नियंत्रकाला, ट्रायल चालवणाऱ्याला आणि एथिक्स कमिटीला कळवायची. उपचार मोफत करायचे, गरज असेपर्यंत किंवा इजेचा ट्रायलशी संबंध नाही हे सिद्ध होईपर्यंत. संबंध आहे असं ठरलं तर भरपाई, आणि तिचं सूत्र नियमांत छापलेलं आहे. आठ लाख ही पायाभूत रक्कम, तिला वयाचा आकडा आणि पेशंट आधी किती आजारी होता याचा आकडा लावायचा. मृत्यू आल्यास ६५ च्या पुढच्या माणसासाठी हे उत्तर ४ लाखांपासून ३२ लाखांपर्यंत येतं, सोळाच्या आतल्या निरोगी मुलासाठी ७३ लाखांच्या वर जातं. महिन्याभरात जाण्याची शक्यता ९० टक्के किंवा जास्त होती अशा पेशंटसाठी ठोक २ लाख. जिवाची किंमत अशी कोष्टकात बघायला बरं वाटत नाही, पण कोष्टक नव्हतं तेव्हा काय मिळायचं ते आठवलं की मी गप्प बसते.

एक प्रश्न मात्र कोष्टकात बसत नाही. दुसऱ्या गटाला काय मिळणार? नवीन औषधाविरुद्ध चालू असलेलं चांगलं औषध, की नुसती साखरेची गोळी, की काहीच नाही? गुण येणारा उपचार उपलब्ध असताना साखरेची गोळी देणं बहुतेक वेळा मंजूर होत नाही. पण ‘उपलब्ध’ कुठे? १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा एक प्रचंड अभ्यास झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाचा त्यात मोठा वाटा. गावांचे गट करून चिठ्ठ्या टाकल्या. काही गावांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्हीची चाचणी, काहींत पॅप म्हणजे पेशी काढून तपासणं, काहींत व्हिनेगर लावून तपासणी, आणि काही गावांत नेहमीचंच, म्हणजे त्या काळच्या उस्मानाबादेत काहीच नाही. २००९ मध्ये निकाल आला. एचपीव्ही चाचणीच्या गटात त्या कॅन्सरने ३४ मृत्यू, काहीच न मिळालेल्या गटात ६४, आणि दोन्ही गट साधारण सारख्याच आकाराचे. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू निम्म्यावर आले, हे त्या बायकांमुळे जगाला कळलं. श्रीमंत देशांत चाचणीचा उपयोग होतो हे ठाऊक असताना हजारो बायकांना नुसतं मोजत राहणं योग्य होतं का, हा प्रश्न अशा अभ्यासांवर पुढे बरेच जण विचारत राहिले. मी दोन्ही बाजू वाचल्या आहेत. उत्तर उपयोगी पडलं हे नाकारता येत नाही, आणि त्या ६४ मधल्या एखादीच्या मुलीसमोर बसून ते समजावण्याची माझी तयारी नाही.

तुम्हाला मिळालेली ट्रायल खरी आहे का हे बघायला पाच मिनिटं लागतात. आयसीएमआरची एक मोफत नोंदवही इंटरनेटवर आहे, सीटीआरआय. २००७ मध्ये सुरू झाली. पेशंट घेण्याआधी ट्रायल तिथे नोंदवावी लागते. कागदावर सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि सहा आकडी क्रमांक असा नंबर दिसेल. तो टाकला की ट्रायल कोण करतंय, पैसा कोणाचा, कुठल्या कुठल्या रुग्णालयांत, किती पेशंट हवेत, भरती चालू आहे की संपली, सगळं दिसतं. मजकूर इंग्रजीत असतो, तेव्हा भाचीला किंवा नातवाला बसवा. आजार आणि शहर घालून चालू ट्रायल शोधताही येतात. आयुर्वेद, होमिओपॅथीच्याही सापडतील. नंबरच नसेल तर सही करण्याआधी का नाही ते विचारा.

आणि बाहेर पडणं. कधीही पडता येतं, कारण न देता, आणि नेहमीच्या उपचारांवर त्याचा काही परिणाम होता कामा नये. फक्त गोळ्या मनाने अचानक बंद करू नका, सांगून थांबा. काही औषधं एकदम तोडली की त्रास होतो.

हे सगळं मी नियमांतून शिकले, पण ट्रायल म्हणजे काय हे मला कळलं ते आमच्या कमिटीच्या एका पाहणीत. सर्जरीची ओपीडी. मधुमेहाच्या पायावरच्या जखमेसाठी दोन प्रकारच्या ड्रेसिंगची तुलना चालू होती. इथे पट्टी कोणती ते लपवता येत नाही, म्हणून जखमेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढत आणि तो फोटो पट्टी माहीत नसलेल्या डॉक्टरकडे मोजायला जाई. बाकावर एक आजी बसलेल्या, नऊवारी, पाय स्टुलावर. कोऑर्डिनेटर चांगली मुलगी होती, जमिनीवर उकिडवी बसून समजावत होती. गट, चिठ्ठी, बारा आठवडे. ‘हात’ आम्ही तोवर कागदातून काढून टाकला होता.

आजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मंजी डाक्टरलाबी ठावं न्हाई व्हय, कोंची पट्टी बरी ती?’

मुलगी अडखळली. तिने आमच्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. मग ती म्हणाली, ‘नाही ठाऊक, आजी. म्हणूनच विचारतोय.’

‘मंग तसं म्हन की आदीच.’

कागद त्यांनी घडी करून चंचीत ठेवला. लेक चाकणला कंपनीत होता, त्याला वाचायला देते म्हणाल्या. नंतर मी कोऑर्डिनेटरला विचारलं, त्या आल्या का? आल्या होत्या. लेकाने वाचला, सुनेनेही वाचला, सही केली नाही. जुनीच पट्टी बांधून घेतली आणि पुढच्या सोमवारची तारीख घेऊन गेल्या. रजिस्टरात त्यांच्या नावापुढे ‘नकार’ असं लिहिलंय. कारणाचा रकाना कोरा आहे.